पत्रांचें जाळें आणि पेशव्यांचें राज्य

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांत अंकुशनगर ही साखर-कारखान्याभोवतीं वसलेली वस्ती आहे. तेथून दक्षिणेस गोदावरी फार दूर नाहीं, आणि नदी ओलांडली कीं बीड जिल्ह्यांतील राक्षसभुवन लागतें. १० ऑगस्ट १७६३ रोजीं या राक्षसभुवनीं निजामाचें सैन्य दुभंगलेलें सांपडलें. निजामअल्ली उत्तर तीरास उतरला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मागील फौजेसह दक्षिण तीरावर राहिला होता. आणि मध्यें भर पावसाळ्यांतील गंगा. अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यानें हीच वेळ साधली. दिवाण रणांत पडला, आणि धन्यास पैलतीरावर स्वस्थ उभें राहण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं.

या लढाईचें यश तरुण पेशव्याच्या धडाडीला देण्यांत येतें, व तें योग्यच आहे. परंतु आणखी एक प्रश्न विचारण्याजोगा आहे. एखाद्या मोठ्या संस्थेंत, मग ती फौज असो, राज्य असो कीं कचेरी असो, कोणाचें वर्तमान कोणाकडे जातें, आणि ती वाट तुटली म्हणजे काय होतें?

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्येच्या संस्थेंत अ‍ॅलेक्स बॅव्हेलस यांनीं आरंभिला. त्यांच्या मंडळींपैकीं हॅरोल्ड लेव्हिट यांचे प्रयोग १९५१ मध्यें प्रसिद्ध झाले. पांच माणसें आडोशांनीं वेगळीं करून बसविलीं. प्रत्येकापाशीं कांहीं चिन्हें. पांचांनाही समान असलेलें एक चिन्ह चिठ्ठ्या पाठवून शोधावयाचें. कोणी कोणास चिठ्ठी पाठवावी हें मात्र आधींच बांधून दिलेलें. एका रचनेंत सर्वांनीं मधल्या एकासच लिहावयाचें, चाकाच्या आऱ्यांप्रमाणें. दुसरींत प्रत्येकानें आपल्या दोन्ही शेजाऱ्यांस, वर्तुळाप्रमाणें. चाकाचें काम झटपट मार्गास लागे, चुकाही वर्तुळाहून कमी होत. पण मधला खुशींत असे आणि कडेचे कंटाळत. पुढें चिन्हांऐवजीं गोट्या दिल्या, आणि त्यांचे रंग असे मिश्र कीं ज्यानें त्यानें निराळें नांव ठेवावें. तेव्हां वर्तुळांतील माणसांनीं आपसांत शब्द ठरवून चुका कमी केल्या. चाकांतील चुका चालूच राहिल्या. कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यास यांत फारसें नवल वाटणार नाहीं. उसाची तोड केव्हां येणार हें त्याला चिटबॉयच्या तोंडून कळतें, आणि ऊस वाळत चालल्याची हकीकत वर जाण्याची वाटही बहुधा तीच असते.

पांच माणसांच्या खोलीवरून एका राज्याचें माप घेणें धाडसाचें आहे खरें. तथापि पेशव्यांच्या कागदपत्रांत त्या चाकाची आठवण पदोपदीं होते. हे कागद आज वाचावयास मिळतात ते थोड्या संशोधकांच्या कष्टांमुळें. मिरजेचे शाळामास्तर वासुदेवशास्त्री खरे यांनीं १८९७ पासून पटवर्धनांच्या दप्तरांतील लेख छापण्यास आरंभ केला. राजवाड्यांचा पानिपतकालीन पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्यें निघाला. आणि बडोद्याची नोकरी संपवून कामशेतास राहिलेल्या गोविंद सखाराम सरदेसायांनीं १९३० नंतरच्या चार-पांच वर्षांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड हातावेगळे केले. सरदेसायांनीं पत्रें विषयवार लाविलीं. वाचकाची सोय झाली. परंतु कोणत्या रुमालांत कोणत्या पत्राशेजारीं कोणतें पत्र होतें, हें त्यामुळें झांकलें गेलें. खऱ्यांच्या संग्रहांत हा दोष कमी. तेथें एकाच प्रसंगाविषयीं निरनिराळ्या छावण्यांतून पटवर्धन मंडळी एकमेकांस लिहितात आणि ताळा जुळतो.

उत्तर हिंदुस्थानचा कारभार पाहिला तर असें दिसत नाहीं. दिल्लीस पेशव्यांचे वकील हिंगणे होते आणि सरदार अंताजी माणकेश्वरही होता; दोघेही पुण्यास लिहीत, आणि एकमेकांच्या तक्रारी लिहीत. शिंदे-होळकरांचें रडगाणें वेगळें. प्रत्येक आरा मध्याशीं जोडलेला, आरा आऱ्याशीं नाहीं.

हा मध्यच १७६० सालीं दूर पडला. ऑक्टोबरांत भाऊसाहेब कुंजपुऱ्याकडे असतां अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि मराठी छावणी व दिल्ली यांच्या मध्यें येऊन बसला. जासूद व सांडणीस्वार धरले जाऊं लागले. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारला गेल्यावर रसदेचा व वर्तमानाचा आणखी एक दोर तुटला. त्याच डिसेंबरच्या अखेरीस नानासाहेब पेशवे अंबडापासून दूर नसलेल्या पैठणास विवाह करीत होते. त्यांना दोष देणें सोपें आहे. परंतु पानिपतावर उपासमार किती वाढली आहे हें त्यांच्यापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचावयाचें होतें?

पोंचलें तें सावकारी वाटेनें. १४ जानेवारी १७६१ रोजीं लढाई झाली. पेशवे उत्तरेकडे चालले असतां जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यांत भेलशाच्या बाजूस एक कासीद त्यांच्या माणसांच्या हातीं लागला. तो सावकारांचा होता आणि औरंगाबादेस चालला होता. त्याच्या पत्रांत मोत्यें, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेंत भाऊसाहेब, विश्वासराव, सरदार आणि अगणित शिपाई यांच्या नाशाची वार्ता होती. राज्याचा डांकमार्ग बंद झाला तरी पेढ्यांचा चालू होता. कारण पेढीस पेढी सर्वत्र जोडलेली, एक वाट अडली तर दुसरी मोकळी. नानासाहेब २३ जून १७६१ रोजीं पर्वतीवर वारले.

त्या रणांतून निसटलेल्यांत अठरा वर्षांचा बाळाजी जनार्दन, म्हणजे पुढील काळचा नाना फडणीस, होता. कारभार हातीं आल्यावर निजाम, टिपू, शिंदे, इंग्रज यांच्या गोटांतील वर्तमानें त्याच्याकडे येत, आणि तो एकाची बातमी दुसऱ्याच्या बातमीशीं ताडून पाही. असल्याच हरकाऱ्यांची व अखबारनविसांची यंत्रणा उत्तर हिंदुस्थानांत इंग्रजांनीं आपल्याकडे कशी वळविली, हें केंब्रिजचे सी. ए. बेली यांनीं १९९६ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. नानाची रचना मात्र पुन्हां चाकच होती, फक्त मधला माणूस विलक्षण. १३ मार्च १८०० रोजीं तो वारला. त्यानंतर २३ सप्टेंबर १८०३ रोजीं, आजच्या जालना जिल्ह्यांतीलच असईच्या रणांत वेलस्लीपुढें शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा एकत्र उभ्या होत्या; होळकर उत्तरेस अलिप्त राहिला होता.