न मोजलेल्या तळपातळ्या : प्रस्तावना

भुयारी गटारांचे संगणकीय प्रारूप तयार करायला बसले की पहिली अडचण येते ती माहितीच्या तक्त्यात. नळांचे व्यास बहुधा मिळतात. चेंबर कुठे आहेत हे नकाशावर दिसते. पण नळाचा तळ समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे सांगणारा तळपातळीचा रकाना पानेच्या पाने कोरा असतो. जुने नकाशे गहाळ झालेले असतात, चेंबर डांबराखाली गेलेली असतात, काही ठिकाणी कोणी कधी मोजलेलेच नसते. या कोऱ्या जागा कशा भरायच्या, आणि भरलेल्या आकड्यावर कितपत विसंबायचे, हा या अभ्यासक्षेत्राचा गाभा आहे. त्यात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत.

विषय वरवर किरकोळ वाटतो. त्याचे वजन कळायला एक हिशेब पुरेल. दोन चेंबरांत ३० मीटर अंतर आहे आणि नळाला ३०० ला १ असा उतार आहे, म्हणजे दोन टोकांत फरक फक्त १० सेंटिमीटरचा. रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार नळाची वहनक्षमता उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते. वरच्या चेंबरची पातळी अंदाजात ५ सेंटिमीटर जास्त धरली गेली, तर क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेली दिसेल. तितकीच कमी धरली, तर सुमारे ३० टक्क्यांनी घटेल. चार बोटांची चूक, आणि त्यावरून एखादी गल्ली ‘नळ बदलणे आवश्यक’ या यादीत चढते किंवा त्या यादीतून उतरते.

पातळीचे हे महत्त्व लंडनने फार पूर्वी ओळखले. तिथे गटारांचा कारभार अनेक आयोगांत वाटलेला होता आणि प्रत्येक आयोग आपल्या हद्दीपुरते पाही. १८४८ मध्ये महानगर आयोग स्थापन झाला, तेव्हा त्याने गटारे खोदण्याआधी ऑर्डनन्स सर्व्हेकडून सबंध शहराची मोजणी करवून घेतली. पुढे जोसेफ बॅझलजेट यांनी खालच्या पातळीवरच्या मोठ्या गटारांना मैलाला किमान २ फूट इतकाच उतार दिला. इतक्या सपाट रेषेवर सांडपाणी स्वतःहून वाहते ठेवायचे, तर पातळीची मोजणी पक्कीच लागते.

मोजमाप नसते तेव्हा अंदाजाला आधार कशाचा? सर्वात भरवशाचा आधार शेजारच्या चेंबरांचा. पाणी उताराने वाहते, म्हणून मधल्या चेंबरचा तळ वरच्या ज्ञात पातळीच्या खाली आणि खालच्या ज्ञात पातळीच्या वर असायला हवा. या दोन मर्यादांमध्ये अंतराच्या प्रमाणात पातळी वाटून देणे ही सर्वात जुनी रीत आहे, आणि एकाच व्यासाच्या सरळ ओळीवर ती अजूनही चांगली चालते. व्यास बदलतो तिथे मात्र तळ सलग नसतो. लहान नळ मोठ्याला मिळताना दोघांचे माथे जुळवण्याची पद्धत आहे, त्यामुळे मोठ्याचा तळ तेवढा खाली जातो. ड्रॉप चेंबर असेल तर पाणी एकदम खाली पडते आणि सरळ रेषेचा अंदाज पूर्णपणे फसतो. एकच टोक ज्ञात असेल तर आराखडा करणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे लागते. भारतात सीपीएचईईओ या केंद्रीय संस्थेच्या नियमावलीत गाळ साचू नये म्हणून सुरुवातीच्या वर्षांतील कमाल प्रवाहाला ०.६ मीटर प्रति सेकंद इतका किमान वेग सांगितला आहे, आणि त्यावरून त्या व्यासाला निदान किती उतार दिला असेल हे काढता येते.

इथे मी एक इशारा ठामपणे देतो. असा प्रत्येक अंदाज जाळ्याला आदर्श रूप देतो. प्रत्यक्षात जमीन खचते, सांधे बसतात, काही नळांना उलटा उतार येतो. मोजलेल्या पातळीतून उलटा उतार दिसला की ती नोंदीची चूक समजून आकडा ‘सुधारण्याचा’ मोह होतो. पण पाणी तुंबण्याचे कारण कदाचित त्याच ठिकाणी असते. आधी तिथे जाऊन पुन्हा मोजावे; आकड्याला हात त्यानंतर लावावा.

जमिनीची पातळी हा दुसरा आधार, पण तो जपून वापरावा. चेंबरची खोली झाकणापासून मोजतात, आणि आपल्याकडे रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत जातात. जुन्या नोंदीतली झाकणाची पातळी आणि आजची खोली यांची वजाबाकी केली, तर तळ खोटाच खाली जातो. उपग्रहांचे उंचीनकाशे तर या कामी फारच ढोबळ आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ यानातून झालेल्या एसआरटीएम मोहिमेची उंची छपरे आणि झाडांचे शेंडे यांमुळे फसते, आणि तिची चूक मीटरांत मोजावी लागते. शहराचा सर्वसाधारण ढाळ समजायला ती उपयोगी आहे. दहा सेंटिमीटरचा फरक ती सांगू शकत नाही.

शून्य कुठून धरले हेही तपासावे. मुंबईत टाउन हॉलची जुनी आधारपातळी वापरात आहे. तिचे शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या वीस मीटरांहून अधिक खाली आहे. जीपीएसची मूळ उंची तर पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या गणिती लंबगोलावरून येते, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा साठ मीटरांहून अधिक कमी भरते. एकाच तक्त्यात हे आकडे मिसळले, तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

गटारांचे प्रारूप करण्याच्या ‘स्वॅम’ या अमेरिकी संगणकप्रणालीत नव्या चेंबरची तळपातळी मुळात शून्य असते. पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या शहरात असे शून्य लगेच डोळ्यांत भरते. खरा धोका पटण्याजोग्या आकड्याचा असतो. अंदाज आणि मोजमाप शेजारी बसले की दोन वर्षांनी कोणालाच फरक ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक पातळीशेजारी तिचा उगम लिहावा : मोजलेली, नकाशावरून घेतलेली की अंदाजलेली, आणि अंदाज असेल तर कोणत्या रीतीने. मग अंदाज थोडे वर-खाली करून प्रारूप पुन्हा चालवावे. ज्या चेंबरमुळे निकाल पालटतो, तिथे ऑटो लेव्हल आणि स्टाफ घेऊन जावे. हे मोजमाप वरूनच घ्यायचे. चेंबरमधल्या विषारी वायूंनी आजवर अनेक कामगारांचे जीव घेतले आहेत; एका आकड्यासाठी कोणालाही खाली उतरवू नये.

या अभ्यासाला मोठ्या पूर्वतयारीची गरज नाही. मॅनिंगचे सूत्र आणि लेव्हलचे वाचन येत असेल तर सुरुवात करता येईल. संभाव्यतेचे गणित लागेल, पण ते वाटेत शिकता येते. पहिला आठवडा मात्र आपल्या शहरातला जवळचा बेंचमार्क, म्हणजे ज्ञात उंचीची पक्की खूण, शोधण्यात घालवावा.