लॅक्स्टन : बांध नसलेल्या शेतांचे गाव

दरवर्षी नोव्हेंबर सरता सरता इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायर परगण्यातील लॅक्स्टन नावाच्या एका लहान गावात बारा शेतकऱ्यांचे पंचमंडळ शिवार पाहायला निघते. ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या गाडीत लाकडी खुंट्या आणि हातोडे असतात. गहू नुकताच पेरलेला असतो. पंच पट्ट्यापट्ट्याने फिरतात, कोणाचा नांगर शेजाऱ्याच्या हद्दीत किंवा सामाईक रस्त्यावर गेला आहे का ते पाहतात, आणि जिथे हद्द पुसट झाली असेल तिथे नवी खुंटी ठोकतात. आपल्याकडे ज्याला ‘बांध कोरणे’ म्हणतात, त्याचाच हा तपास. फरक एवढाच की इथे कोरायला मुळात बांधच नाही.

त्यानंतर काही दिवसांनी गावातल्या ‘डव्हकोट इन’ या खानावळवजा मद्यगृहात न्यायसभा भरते. तिचे नाव ‘कोर्ट लीट’. पंच बायबलवर हात ठेवून शपथ घेतात, दोषी शेतकऱ्यांना किरकोळ दंड होतो, आणि पुढच्या वर्षाचे पंच नेमले जातात. हा पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नव्हे. १९७७ साली ब्रिटिश संसदेने अशा जवळपास सर्व जुन्या जहागिरी न्यायसभांचे अधिकार काढून घेतले, तेव्हा लॅक्स्टनच्या सामाईक शेतांची व्यवस्था पाहणाऱ्या या सभेला त्याच कायद्यात नावानिशी अपवाद केले.

ही व्यवस्था समजून घ्यायची तर मध्ययुगात जावे लागते. तेव्हा मध्य इंग्लंडमधील बहुतेक गावांची शेतजमीन दोन किंवा तीन प्रचंड मोकळ्या शेतांत विभागलेली असे. प्रत्येक शेतात शेकडो अरुंद, लांब पट्टे. एका कुटुंबाचे पट्टे एका जागी नसत. थोडे इकडे, थोडे तिकडे, तिन्ही शेतांत विखुरलेले. पहिल्या शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे जव, वाटाणा किंवा घेवडा, तिसरे पडीक. पुढच्या वर्षी फेरपालट. पीक निघाले की अख्खे शेत सर्वांच्या जनावरांना चरायला मोकळे होई.

पट्टे लांबट का? जड नांगराला जुंपलेली बैलांची रांग वळवणे हे मोठे कष्टाचे काम. म्हणून एका दमात जितके लांब नांगरता येईल तितके नांगरायचे आणि मगच वळायचे. या लांब तासाचे इंग्रजी नाव म्हणजे आपल्या ओळखीचा ‘फर्लांग’. त्याचा मूळ अर्थच ‘तासाची लांबी’. एक फर्लांग लांब आणि ६६ फुटांची एक साखळी रुंद एवढी जमीन म्हणजे एक एकर, ढोबळमानाने एका दिवसाची नांगरट. त्याच अर्ध्या साखळीचा चौरस, ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे आपला गुंठा. सातबारा वाचताना इंग्लंडच्या बैलांची आठवण कोणाला येत नाही, पण ते तिथे आहेत.

अशा विखुरलेल्या शेतीला नियमांवाचून गत्यंतर नव्हते. पेरणी केव्हा, कापणी केव्हा, गुरे केव्हा सोडायची, कोणी किती जनावरे चारायची, कापणीनंतर सरवा केव्हापासून वेचायचा, हे सारे गावाच्या सभेत ठरे. भटके जनावर सापडले तर कोंडवाड्यात; त्यासाठी स्वतंत्र अंमलदार असे. १९६८ साली गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचा नाश अटळ असतो असा प्रसिद्ध सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कोणीही कितीही गुरे सोडावीत असे कुरण होते. तसे कुरण इंग्लंडच्या गावांत क्वचितच होते. तिथे मोजणी होती, पंच होते आणि दंड होता.

आता १६३५ सालाकडे येऊ, कारण लॅक्स्टनची खरी कीर्ती त्या वर्षाच्या एका नकाशावर उभी आहे. सर विल्यम कोर्टेन हा लंडनचा गडगंज व्यापारी तेव्हा या गावाचा मालक होता. त्याच्यासाठी मार्क पिअर्स या मोजणीदाराने गावाचा भव्य नकाशा काढला. पट्टा न् पट्टा, घर न् घर त्यात आहे, आणि सोबत प्रत्येक तुकडा कोणाकडे आहे याची सविस्तर यादी. मोकळ्या जागांत चिमुकली माणसे नांगरताना, कापणी करताना, गुरे हाकताना रंगवलेली आहेत. आज हा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

या कोर्टेनचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आहे, म्हणून थोडे विषयांतर. त्याच १६३५ साली इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याने ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्तेदारीला छेद देणारा व्यापारी परवाना कोर्टेनच्या मंडळीला दिला. कॅप्टन जॉन वेडेलच्या नेतृत्वाखाली त्यांची जहाजे १६३६ साली निघाली आणि त्याच वर्षी गोव्याला पोहोचली. पुढे भटकळ आणि कारवारलाही या मंडळीने व्यापाराचे ठाणे मांडले. कोर्टेन मात्र ते पाहायला उरला नाही; १६३६ सालीच तो वारला. लॅक्स्टनचा पट्टा आणि गोव्याचे बंदर एकाच माणसाच्या हिशेबवहीत होते, हे मला त्या सुंदर नकाशाइतकेच महत्त्वाचे वाटते. नकाशा गावाच्या प्रेमापोटी काढला नव्हता. आपण काय विकत घेतले, हे मालकाला पाहायचे होते.

मोकळी शेते पुढे गेली कुठे? त्यांना कुंपण पडले. १६०४ ते १९१४ या काळात संसदेने कुंपणबंदीचे ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून अधिक भूमी, त्यांखाली आली. पट्टे एकत्र करून ज्याचे त्याला सलग शेत मिळाले. भोवती झुडपांचे कुंपण आले. उत्पन्न वाढवू पाहणाऱ्यांची बाजू अगदीच खोटी नव्हती. गावाने गहू ठरवला की एकट्याला सलगम किंवा क्लोव्हर लावता येत नसे, आणि एकाच्या मेंढ्यांचा रोग साऱ्या गावाच्या मेंढ्यांना होई. पण ज्याच्याजवळ जमिनीचा कागद नव्हता, फक्त एक गाय चारण्याची आणि जळण गोळा करण्याची रूढी होती, त्याच्या हाती वाटणीत बहुधा काहीच आले नाही. हेल्पस्टन गावच्या कुंपणबंदीचा कायदा १८०९ साली झाला. तिथल्या शेतमजूर कवी जॉन क्लेअरने ते दुःख आयुष्यभर कवितेत मांडले.

मग लॅक्स्टनच कसे वाचले? इथे रम्य कथा सांगण्याचा मोह होतो: शहाणे गावकरी, परंपरेचा अभिमान वगैरे. वस्तुस्थिती अधिक रुक्ष आहे. काही भागाला इथेही अठराव्या शतकातच कुंपण पडले होते. उरलेल्या जमिनीत मॅनव्हर्स आणि स्कारब्रो या दोन उमराव घराण्यांचे पट्टे एकमेकांत गुंतलेले. अदलाबदल केल्याशिवाय कुंपण घालणे निरर्थक, आणि अदलाबदलीच्या वाटाघाटी पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळल्या. त्या मार्गी लागेपर्यंत १८७० नंतरची शेतमंदी आली. धान्याचे भाव पडले, आणि कुंपणावर खर्च करण्यात कोणालाच लाभ दिसेना. म्हणजे मालकांच्या दिरंगाईने जे टिकले, त्याला विसाव्या शतकात ‘वारसा’ हे नाव मिळाले. त्यातही बदल झालेच: विसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळ पट्टे जोडून मोठे करण्यात आले, त्यामुळे आजची शेते पिअर्सच्या नकाशाहून खूप विरळ दिसतात.

ऑक्सफर्डचे शेतीअर्थतज्ज्ञ चार्ल्स ऑर्विन आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टाबेल यांनी १९३८ साली लॅक्स्टनवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गाव विद्वानांच्या नजरेत आले. त्याआधी, १९१७ साली, हॅरॉल्ड मॅन या इंग्रज शास्त्रज्ञाने पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास करून जमिनीचे तुकडे हा दख्खनच्या शेतीचा मोठा रोग ठरवला होता. मुंबई प्रांताचा तुकडेबंदी कायदा १९४७ साली आला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवताना सावध राहावे लागते. आपले तुकडे बव्हंशी वारसावाटपातून पडले, लॅक्स्टनचे पट्टे सामाईक फेरपालटीचा भाग होते. पण तुकड्यांकडे पाहण्याची एकच दृष्टी नसते, एवढे त्यावरून कळते.

१९५२ साली मॅनव्हर्स घराण्याने गाव सरकारच्या शेती मंत्रालयाला विकले. १९८१ मध्ये ते राजमुकुटाच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या ‘क्राऊन इस्टेट’कडे गेले. २०१८ मध्ये त्यांनीही ते विकायला काढले, तेव्हा ही व्यवस्था पुढे चालेल का, अशी काळजी पसरली. अखेर २०२० मध्ये मॅनव्हर्स वारसांच्याच ‘थोर्सबी इस्टेट’ने ते परत घेतले. या साऱ्या खरेदी-विक्रीत प्रत्यक्ष कसणारी मंडळी मात्र कुळेच राहिली.

आजही लॅक्स्टनमध्ये शेतघरे शिवारात नसून गावाच्या रस्त्याला लागून, एकमेकांना खेटून आहेत. ज्याची जमीन तिन्ही दिशांना विखुरलेली, त्याने घर बांधायचे तरी कोणत्या टोकाला? गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातील गढीची टेकडी आहे. पट्ट्यांमधल्या सखल, नांगर न चालणाऱ्या हिरवळीच्या गवताचा दर उन्हाळ्यात लिलाव होतो. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साऊथ फील्ड यांपैकी ज्या शेतात यंदा गहू, त्याचीच पाहणी होते. त्यामुळे प्रत्येक शेताची पाळी तिसऱ्या वर्षी येते. पाहणी झाली की पंच डव्हकोटमध्ये जेवायला बसतात. ज्यांनी दिवसभर एकमेकांच्या हद्दी तपासल्या, तेच तिथे दंडाच्या रकमेवर हुज्जत घालतात.