पिकाचा फोटो मोबाइलमधून सरकारी नोंदीपर्यंत कसा पोहोचतो?

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ भागातल्या डोंगराळ शिवारात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. पण शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढावाच लागतो. पीक सातबाऱ्यावर चढलं नाही, तर नुकसानभरपाई किंवा हमीभावाने विक्रीच्या वेळी अडचण येऊ शकते.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार झालेल्या या अ‍ॅपमध्ये शेतकरी स्वतः पीक, क्षेत्र आणि अक्षांश-रेखांशासह फोटो नोंदवतो.

फोटो वेगळा का हाताळावा लागतो?

गट नंबर किंवा पिकाचं नाव म्हणजे मोजकी अक्षरं. फोटो ही बायनरी फाइल असते, म्हणजे लाखो बाइट्सची सलग रांग. ती मजकुरासारखी वाचता येत नाही. काही अ‍ॅप ‘बेस-६४’ पद्धतीने तिचं अक्षरांत रूपांतर करतात. त्यात ३ बाइट्सची ४ अक्षरं होतात, म्हणजे ३ एमबीचा फोटो ४ एमबीचा होतो. म्हणून शक्यतो मूळ बाइट्सच पाठवतात आणि आधी फोटोचा आकार कमी करतात.

डेटाबेसमध्ये फोटो कुठे राहतो?

दोन मार्ग आहेत. एकात फोटो थेट डेटाबेसच्या ‘ब्लॉब’ रकान्यात जातो. मात्र मायएसक्यूएलच्या साध्या ब्लॉबमध्ये जेमतेम ६४ केबी मावतात. मोठ्या फाइलला ‘मीडियमब्लॉब’ लागतो, त्याची मर्यादा १६ एमबी आहे. दुसऱ्या मार्गात फोटो वेगळ्या साठवणुकीत ठेवतात आणि डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता लिहितात. फोटो खूप असतील तर हाच मार्ग सोयीचा, कारण डेटाबेस फुगत नाही आणि बॅकअपही लवकर होतो.

रेंज नसेल तर?

ई-पीक पाहणीत माहिती आधी मोबाइलमध्येच साठवता येते आणि रेंज आल्यावर अपलोड करता येते. चांगली अ‍ॅप मोठी फाइल तुकड्यांत पाठवतात. मध्येच रेंज गेली, तर उरलेले तुकडेच पुन्हा जातात. शेवटी दोन्हीकडची बेरीज, म्हणजे ‘चेकसम’, जुळली की फाइल पूर्ण पोहोचल्याची खात्री होते.

काय लक्षात ठेवावं?

‘सेव्ह’ झालं म्हणजे ‘अपलोड’ झालं असं नाही. अपलोड झाल्याचा संदेश येईपर्यंत अ‍ॅप काढून टाकू नये, त्याचा डेटाही पुसू नये. नंतर गावाच्या पीक पाहणी यादीत आपलं नाव एकदा बघून घ्यावं.