मुळ्याची चकती आणि गाडीचं चाक

दिवाळीत घरी गेलो होतो, नेरला. गोठ्यात आजोबांच्या बैलगाडीचं एक चाक पडलंय. टायरच्या गाड्या आल्यापासून त्याला कोणी विचारत नाही. आता एक हॉटेलवाला सजावटीसाठी मागतोय. बाबा म्हणाले, "देऊन टाकू का?" मी "बघू" म्हणालो आणि आयुष्यात पहिल्यांदा ते चाक नीट पाहिलं.

मधे तुंबा, त्यात ठोकलेले आरे, बाहेर तुकड्या-तुकड्यांचे पुठे, वरून लोखंडी धाव. एवढी खटपट कशाला? जाड खोडाची मुळ्यासारखी चकती कापली की झालं चाक! वाढईकाका हसले. "बाप्पा, ते तं वाळलं का तडकते ना!"

खरंय. लाकूड वाळताना वर्षाकड्यांच्या दिशेने जास्त आकसतं, गाभ्याकडून सालीकडे कमी (सागातही हा फरक साधारण दुपटीचा), आणि उभ्या रेषेत जवळजवळ नाहीच. मग चकतीला घेर पुरत नाही आणि ती कडेपासून गाभ्यापर्यंत फाटते. आऱ्यात मात्र रेषा लांबीने जातात, म्हणून तो भार पेलतो. पुठे आखूड असल्यामुळे त्यांच्या रेषाही बऱ्यापैकी घेरासोबत वळतात. त्यावर तापवलेली धाव चढवायची. ती थंड होताना सगळं आवळून धरते.

मुंबईच्या गोदीतही हेच. जहाजाच्या वळणदार फासळ्यांसाठी मुळातच वाकडं वाढलेलं लाकूड शोधायचे, म्हणजे रेषा तुटत नाहीत. वाडियांनी 1817 मध्ये बांधलेलं सागवानी 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय.

आणि आपलं गणित? कॉलेजात आम्ही पोलाद घोटलं, जे सगळ्या दिशांनी सारखं मानायचं. दोन स्थिरांक, विषय संपला. लाकडाला नऊ लागतात हे शेवटच्या धड्यात होतं, आणि तो धडा ऑप्शनला! सगळ्यात आडमुठ्या पदार्थाला किती लागतात यावर एकोणिसाव्या शतकात चांगलीच जुंपली होती. एक पक्ष म्हणे 15. नॉटिंगहॅमच्या एका पिठाच्या गिरणीवाल्याने, जॉर्ज ग्रीनने, 1830 च्या दशकात ऊर्जेच्या हिशोबाने 21 काढले. वोल्डेमार फोक्टने 1880 च्या दशकात स्फटिक मोजले, तेव्हा कुठे ग्रीनचा पक्ष जिंकला.

असो. चाक द्यायचं नाही असं बाबांना सांगितलंय. एक आरा ढिला आहे. त्यासाठी काकांना नीट वाळलेली, सरळ रेषेची बाभूळ हवी आहे. अजून मिळालेली नाही.