दापोडीची बाग आणि नाव नसलेला चित्रकार

हॅरिस पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकलात, तर एकदा दापोडीकडे बघा. 1817 च्या खडकीच्या लढाईत याच दापोडीतून कॅप्टन फोर्डची पलटण इंग्रजांच्या मदतीला निघाली होती. पुढे इथे मुंबई सरकारची बाग उभी राहिली. 1838 मध्ये तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सनकडे आला.

गिब्सन स्कॉटलंडचा, पेशाने सर्जन. देवीची लस टोचायला तो दख्खनच्या गावोगावी फिरला होता. त्यामुळे बाग त्याच्यासाठी निव्वळ शोभेची नव्हती. सरकारी दवाखान्यांना सोनामुखीसारखी औषधं इथेच पिकवून द्यायची, परदेशी रोपं इथल्या मातीत तगतात का ते बघायचं, असं ते काम होतं. जुन्नरजवळच्या हिवऱ्याची बागही त्याच्याकडेच होती.

1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. जंगल तोडलं की झरे आटतात, हे तो सरकारला बजावत राहिला. पण डोंगरातली कुमरी शेती बंद करायच्याही तो मागे होता. जंगल वाचवण्याची किंमत कोणी मोजायची, हा आपला आजचा वाद तेव्हाच सुरू झाला होता. 1861 मध्ये त्याने डाल्झेलसोबत ‘बॉम्बे फ्लोरा’ हे पुस्तक काढलं. 1867 मध्ये तो वारला.

मला मात्र दुसऱ्याच माणसाने अडवून ठेवलंय. 1847 ते 1850 या काळात गिब्सनने बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. ती दीडशेहून जास्त आहेत आणि आज एडिनबराच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. चित्रकार पोर्तुगीज वळणाचा इथलाच माणूस होता, एवढंच कळतं. त्याच्या नावाची नोंद कुठे नाही.

मी कोड लिहितो. आमच्याकडे एक स्वल्पविराम बदलला तरी कोणी, कधी बदलला ते कायमचं नोंदलं जातं. चूक झाली की सगळे आधी तेच नाव शोधतात. या माणसाने पानाची शीर न् शीर रंगवली, आणि त्याची नोंद ठेवावी असं कोणाला वाटलं नाही. कारकुनाने पगार लिहिला असेल, झाडाला लॅटिन नाव मिळालं, साहेबाचं नाव पुस्तकावर आलं.

1865 च्या सुमारास बाग गणेशखिंडीला हलली. दापोडीत आता झाडांपेक्षा गाड्या जास्त दिसतात. ती चित्रं बघायला मिळाली, तर फुलाआधी कोपऱ्यात बघा. सही नाहीये. काम आहे.