अन्येझीची चेटकीण

रॅशनल फंक्शन म्हणजे एका बहुपदीला दुसऱ्या बहुपदीने भागायचं, बास. त्याचा ग्राफ काढायची रीत आपल्या सगळ्यांच्या हाताला बसलेली असते. छेद कुठे शून्य होतो ते बघा, तिथे उभी तुटक रेघ मारा (मराठी पुस्तकांत तिला 'अनंतस्पर्शी' असं झकास नाव आहे), आणि मग ग्राफ त्या रेघेच्या कडेने आकाशात जातो की पाताळात ते ठरवा. सगळी मजा छेद शून्य होण्यात.

आता हे घ्या: य = १ / (१ + क्ष²). छेद कधीच १ च्या खाली जात नाही, त्यामुळे उभी रेघ नाहीच. मधोमध १ उंचीचं एक टेकाड, दोन्ही बाजूंनी हळूहळू सपाट होत जाणारं. इतका गरीब ग्राफ शोधून सापडायचा नाही. आणि इंग्रजी पुस्तकांत ह्याचं नाव काय, तर 'ॲग्नेसीची चेटकीण'!

ही ॲग्नेसी, म्हणजे इटालियन उच्चाराने मारिया गाएताना अन्येझी, १७१८ साली मिलानमध्ये जन्मली. वडील रेशमाच्या व्यापारातल्या पैशावर गब्बर झालेल्या घरातले. त्यांची तीन लग्नं नि एकवीस मुलं, त्यात ही थोरली. पोरगी विलक्षण हुशार, लॅटिन-ग्रीकसकट सात भाषा येणारी. वडील घरी बड्या मंडळींच्या बैठका भरवायचे आणि तिला त्यांच्यासमोर वादविवादाला बसवायचे. पाहुण्यांपुढे 'बाळ, म्हणून दाखव बरं' करणारे आईबाप सगळीकडचेच. हिला ते मनापासून नकोसं होतं. विशीत तिने जोगीण होणार म्हणून सांगितलं, वडिलांनी नकार दिला. शेवटी तडजोड झाली: ती घरीच राहील, पण साधे कपडे घालेल आणि नाचगाणी-नाटकं बंद.

त्या मिळालेल्या वेळात तिने गणिताचं पुस्तक लिहिलं. १७४८ साली दोन खंडांत छापलं, हजारेक पानं. नावातच लिहिलं होतं की हे इटलीतल्या तरुणांसाठी आहे. विद्वानांची भाषा लॅटिन, ती तिला लहानपणापासून अस्खलित येत होती, तरी पुस्तक इटालियनमध्ये. बीजगणितापासून डिफरन्शियल इक्वेशन्सपर्यंत सगळं एका सलग क्रमाने, सोडवलेल्या उदाहरणांसह. न्यूटन आणि लायब्निट्झच्या पद्धती तोवर निबंधांत आणि पत्रांत विखुरलेल्या होत्या. त्या एका जागी आणून विद्यार्थ्याला समजतील अशा मांडणं हे काम किती किचकट असतं, ते ज्याने कधी दुसऱ्याच्या कोडचं डॉक्युमेंटेशन लिहिलंय त्याला विचारा. सम्राज्ञी मारिया टेरेसाने तिला हिऱ्याची अंगठी पाठवली. १७५० साली पोप चौदाव्या बेनेडिक्टने बोलोन्या विद्यापीठात नेमणूक केली, पण ती तिथे शिकवायला कधी गेलीच नाही. १७५२ मध्ये वडील वारले आणि तिने गणित सोडून दिलं. पुढची जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं मिलानमधल्या गरीब, आजारी, म्हाताऱ्या बायकांची सेवा केली. १७९९ साली गेली तेव्हा तिला गोरगरिबांसोबत सामायिक कबरीत पुरलं.

मग चेटकीण कुठून आली? तिच्या हजार पानांत एक उदाहरण आहे ह्या वक्राचं. तो तिचा शोधही नव्हे, फर्माने त्यावर आधीच काम केलेलं होतं. एक वर्तुळ घ्या, त्याच्या माथ्यावर आडवी स्पर्शिका काढा. वर्तुळाच्या तळबिंदूतून एक तिरकी रेषा सोडा. ती वर्तुळाला जिथे छेदते तिथली उंची घ्या, स्पर्शिकेला जिथे भिडते तिथलं आडवं अंतर घ्या, झाला तुमचा बिंदू. रेषा फिरवत जा, टेकाड उमटतं. त्याखालचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या बरोब्बर चौपट भरतं, टेकाड दोन्हीकडे अनंतापर्यंत पसरलेलं असूनसुद्धा. ग्रांदी नावाच्या गणितीने ह्याला 'वेर्सिएरा' म्हटलं होतं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शीड वळवायची दोरी. पण इटालियनमध्ये 'अव्वेर्सिएरा' म्हणजे सैतानीण. केंब्रिजच्या जॉन कोल्सनने म्हातारपणी केवळ ह्या पुस्तकापायी इटालियन शिकून भाषांतर केलं आणि दोरीची चेटकीण झाली. त्याची चूक, की ग्रांदीनेच मुळात कोटी केली होती, ह्यावर अभ्यासकांचे वाद आहेत. कोल्सन १७६० मध्ये गेला, भाषांतर छापून आलं १८०१ साली. दोघंही तेव्हा हयात नव्हती. सगळा अभ्यासक्रम बांधणाऱ्या बाईचं नाव एका उदाहरणाला चिकटलं, तेही असं! मला हे फार खटकतं.

असो. पण ह्या टेकाडाने चेटूक केलं ते खरंच, मात्र तिच्या पुस्तकानंतर दीडशे वर्षांनी. १९०१ साली कार्ल रुंगे ह्या जर्मन गणितीने -५ ते ५ मध्ये सारख्या अंतरावर बिंदू घेतले आणि त्या सगळ्यांतून जाणारी बहुपदी काढली. आपल्याला वाटतं, बिंदू वाढवले की बहुपदी टेकाडाला जास्त बिलगेल. होतं उलटंच. ११ बिंदूंना कडेजवळची जास्तीत जास्त चूक १.९ च्या आसपास, २१ बिंदूंना साठाच्या घरात! आणि फंक्शनची सगळी उंची किती, तर १.

कारण त्या छेदातच आहे. १ + क्ष² वास्तव रेषेवर शून्य होत नाही, पण क्ष = √-१ ला होतो. म्हणजे अनंताला भिडणारी ती जागा आहेच, फक्त आपल्या कागदाच्या बाहेर, रेषेपासून एका एककाच्या अंतरावर. आपला ग्राफ तिथे पोचत नाही, बहुपदीला मात्र तिची झळ लागते.

इलाजही आहे. चेबिशेवच्या रीतीने बिंदू कडांकडे दाट आणि मध्ये विरळ ठेवले की त्याच २१ बिंदूंत चूक ०.०२ च्याही खाली येते. पायथॉनमध्ये दहा ओळींचं काम आहे, वेळ मिळाला तर दोन्ही ग्राफ एकावर एक काढून बघा.