अंबाडा

अंबाडा : स्त्रियांची एक पारंपरिक केशरचना. केसांना पीळ देऊन किंवा त्यांची वेणी घालून ती मानेवर अथवा डोक्याच्या मागील भागावर वर्तुळाकार गुंडाळली, म्हणजे अंबाडा होतो. घाईने, वेणी न घालता मारलेल्या गाठीस बुचडा म्हणतात. खोपा हे नावही महाराष्ट्रात रूढ आहे. अमरकोशात बांधलेल्या केसांसाठी धम्मिल्ल, तर केशरचनेसाठी कबरी हे शब्द येतात.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत या रचनेचे विविध नमुने दिसतात. तेथील अनेक लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वत्सगुल्म (वऱ्हाडातील सध्याचे वाशिम) येथील वाकाटक नृपती हरिषेण याच्या काळात खोदली गेली, क्र. १६ चे लेणे त्याचा अमात्य वराहदेव याने करविले. क्र. १७ मधील प्रसाधनाच्या दृश्यात आरसा घेतलेली स्त्री व तिच्या दासी आहेत. मानेवर सैल बांधलेले केस, कपाळावरील कुरळ्या बटा, फुले व रत्नजडित पट्ट्या ही या चित्रांतील केशभूषेची वैशिष्ट्ये होत.

घरोघरी अंबाडा घालण्याची रीत साधी होती. केसांना तेल लावून ते फणीने विंचरीत व मधोमध भांग पाडीत. नंतर ते मानेशी एकत्र करून आगवळाने बांधीत, वेणी घालून ती गुंडाळीत आणि आकड्यांनी पक्की करीत. केस विरळ असल्यास गंगावन जोडीत. सणासमारंभास अंबाड्यावर राखडी, मूद, केतक, अग्रफूल हे सोन्याचे अलंकार आणि अबोली, शेवंती वा केवडा माळण्याची चाल होती.

तथापि ही केवळ शोभेची बाब नव्हती. फुले माळलेला अंबाडा हे सौभाग्याचे चिन्ह मानले जाई आणि उच्चवर्णीय, विशेषतः ब्राह्मण, विधवांना तो केशवपनाच्या रूढीने नाकारला जाई. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना (१८८२) या ग्रंथात विधवांच्या दैन्याबद्दल पुरुषांना जाब विचारला. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. पंडिता रमाबाईंचे शारदासदन (१८८९) व धोंडो केशव कर्वे यांचा अनाथ बालिकाश्रम (१८९६) यांनी विधवांना शिक्षण व आश्रय दिला. ही रूढी विसाव्या शतकात हळूहळू लोपली.

राजा रविवर्मा यांच्या मुंबईतील छापखान्यातून (स्थापना १८९४) निघालेल्या चित्रांनी नऊवारी नेसलेल्या स्त्रीची प्रतिमा घरोघरी पोहोचविली. १९६० नंतरच्या दशकात चित्रपटांच्या प्रभावाने आतून भर देऊन फुगविलेला उंच अंबाडा लोकप्रिय झाला. केस कापण्याची पद्धत रूढ झाल्यावर त्याचा नित्याचा वापर घटला. परंतु विवाहप्रसंगी, लावणीनृत्यात व गुढीपाडव्याच्या शोभायात्रांत तो आजही आढळतो. एके काळी सौभाग्याशी जखडलेली ही रचना आता बहुतांशी आवडीचा विषय झाली आहे.